नळीत काय दिसलं?

मुंबई, ता. २० जानेवारी १९४७

प्रिय शांतवन,

पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहावे की तुझ्यासारख्या ख्रिस्त्यासाठी जागा कोरी सोडावी, हा प्रश्न नगरच्या हायस्कुलात आपण एका बाकावर बसत होतो तेव्हापासून सुटलेला नाही. कोरीच सोडतो. वरच्या दोघा देवांनी आपसांत मिटवून घ्यावे.

आता कामाचे. ऑक्टोबरात आमची समिती तुझ्या खारड्याला येऊन गेली. कायदेमंडळाने नेमलेली, सात सभासदांची, खेड्यांतील पिण्याच्या पाण्याची आणि नारू रोगाची चौकशी करणारी. अध्यक्ष धारवाडकडचे, डॉक्टर गुजराथचे, साक्षीदार शेवगाव तालुक्यातले. म्हणून मधे मी. लोक मराठीत जे सांगतील ते समितीला सोसेल अशा इंग्रजीत सांगायचे, हे माझे काम.

अहवाल तयार आहे. तीनशे बारा पाने, इंग्रजीत. परवा अध्यक्षांना एकाएकी सुचले की ज्यांची चौकशी केली त्यांनाही निष्कर्ष कळावेत. एका सभासदाने विचारले, "कशासाठी?" त्यावर दीड तास चर्चा होऊन असे ठरले की मराठीत आठ पानांचा सारांश करावा, सभागृहापुढे जाण्यापूर्वी तो चार खेड्यांत वाचून दाखवावा आणि लोकांना काय समजते ते पाहावे. सारांश मी केला आहे. सोबत जोडतो.

तू खारड्याचा शाळामास्तर, तेव्हा तिथले वाचन तुझ्याकडे. गावाचे नाव गाळले आहे, साक्षीदारांचीही नावे गाळली आहेत. कुणाला उगीच त्रास नको. भाषा मी मुद्दाम सोपी ठेवली आहे. लोक काय म्हणाले ते जसेच्या तसे कळव, माझ्या मनाला लागेल म्हणून कापू नकोस. तेवढे कापायला मी इथे बसलोच आहे.

मरियावहिनींस नमस्कार.

तुझा
शामकांत


खारडे, ता. शेवगाव, २ फेब्रुवारी १९४७

शामकांत,

सलाम. तुझा कागद काल चावडीपुढे वाचला. साठ-सत्तर माणसं होती, बायका देवळाच्या आडोशाला. तुझी सोपी भाषा अशी आहे की एक वाक्य सुरू झाल्यावर माणूस तंबाखू मळून, खाऊन, थुंकून परत येतो, तरी क्रियापद आलेलं नसतं.

काय समजलं ते ऐक. पान तीन: 'एका प्रतिष्ठित खातेदाराच्या मळ्यातील विहिरीस गेल्या सहा वर्षांत सहा अधिकाऱ्यांनी सार्वजनिक विहीर म्हणून भेट दिल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे.' हे ऐकून आबासाहेब पाटील ताठ बसले.

"मास्तर, परत वाचा."

परत वाचलं.

"प्रतिष्ठित म्हणलंय न्हवं?"

"म्हटलंय."

"सहा अधिकारी?"

"सहा."

पाटलांनी घरून गुळाची ढेप आणवली आणि सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला. कायदेमंडळाने आपल्या विहिरीची वाखाणणी केली, अशी त्यांची समजूत आहे. चोर पकडावा आणि त्याने त्याबद्दल गूळ वाटावा, असा अहवाल लिहायला अभ्यास लागतो. अभिनंदन.

तू विसरला असशील म्हणून साध्या मराठीत सांगतो, हा तुझ्या सारांशाचा सारांश समज. गावची बारव पायऱ्यांची. लोक पायऱ्या उतरतात, पाण्यात पाय बुडवून घागरी भरतात, नारू झालेलेही आणि न झालेलेही. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायचा, म्हणून सहा वर्षांमागं घडीव दगड आला. तो पाटलांच्या मळ्यात उतरला आणि तिथंच आहे. अधिकारी पाहणीला आला की पाटलांच्या स्वतःच्या विहिरीवर 'सार्वजनिक विहीर' अशी पाटी लागते. तो पाणी शेंदलेलं बघतो, शेरा लिहितो, जातो. हे तुम्हाला एकट्या रंगुबाईनं सांगितलं. "सायब आला की पाटी उगवती, सायब गेला की मावळती." विधवा बाई, चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. शाळेच्या बंद खोलीत तुझ्यापुढं उघडलं. मी तिथं होतो म्हणून मला ठाऊक.

आता पान पाच: 'एका स्त्री साक्षीदाराने असे निवेदन केले की...' बस. पुढचं कुणी ऐकलंच नाही. बाई कोण? त्या दिवशी नऊ बायका खोलीत गेल्या होत्या. सात नावं काढून झाली. नाव दिलं असतंस तर गावानं एकदा जीभ चावली असती आणि पुढचं ऐकलं असतं. गाळलंस, तर गावाला उखाणा मिळाला.

या उखाण्यात रंगुबाईचं काय जाऊ शकतं, ते तुला मुंबईत नळ उघडताना सुचणार नाही. पाटलांच्या विहिरीला खुंट्या आहेत. ज्याला त्यांनी पाणी दिलं त्याचा दोर तिथल्या खुंटीला. अकरा घरांचे आहेत. माझाही आहे, शेवटच्या खुंटीला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पाटलांना अर्ज लिहून हवे असतात, म्हणून तेवढ्यापुरतं माझ्या दोरानं पाणी बाटत नाही. एखाद्यावर मर्जी फिरली की पाटील बोलत नाहीत. पहाटे त्याचा दोर त्याच्या दारात आणून ठेवलेला असतो. मग बारव. रंगुबाईची सून गेल्या साली नारूनं तीन महिने अंथरुणाला खिळून होती. त्यानंतर हातापाया पडून तिनं हा दोर मिळवलाय. तो दारात आला तर पुन्हा बारवेचं पाणी.

आणि एक. सगळं वाचून झाल्यावर कानिफनाथ उठला. हा आमचा न्हावी, गावात सगळ्यात कमी बोलतो, त्यामुळं न्हावी म्हणून त्याचं फारसं चालत नाही. म्हणाला, "ते समदं ऱ्हाऊ द्या मास्तर. त्या चष्मेवाल्या डाक्टरनं बारवंचं पानी काचंवर घेऊन पितळी नळीतनं बघितलं. सकाळधरनं बघत हुता. त्येला नळीत काय दिसलं?"

मी आठही पानं चाळली. ते तेवढं नाही.

काय दिसलं रे?

शांतवन


मुंबई, ता. ११ फेब्रुवारी १९४७

प्रिय शांतवन,

तुझे पत्र अध्यक्षांना वाचून दाखवले. गुळापाशी ते हसले, मग हसणे अर्ध्यावर सोडून म्हणाले, "दुसरा मसुदा करा." सोबत आहे. तीन पाने. एकाही वाक्यात तंबाखू खायला सवड मिळणार नाही.

डॉक्टरांचे शोधून काढले. परिशिष्ट ड, पान दोनशे सत्त्याऐंशी, बारीक टाइपात. सारांशातून ते मीच गाळले होते. समासात माझ्याच हातचा शेरा आहे: 'तांत्रिक बाब, सामान्य जनतेस अनावश्यक.'

नळीत पाण्यातल्या पिसवा दिसल्या. तिळाहूनही बारीक. आणि पिसवांच्या पोटात नारूची पिल्ले. ज्याच्या पायातून नारूचा दोरा बाहेर येत असतो तो बारवेत उतरला की ती पिल्ले पाण्यात सुटतात, पिसवा ती गिळतात, आपण पिसवांसकट पाणी पितो आणि साधारण वर्षाने आपल्या पायातून दोरा निघतो. डॉक्टरांनी उपाय दोनच लिहिले आहेत. पायऱ्या बुजवा, आणि त्या बुजेपर्यंत पिण्याचे पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळा. पिसवा फडक्यात अडकतात.

शांतवन, तीनशे बारा पानांत माणसाच्या उपयोगाचे वाक्य एवढेच होते.

मसुद्यात आता पाटीची हकीकत उघड लिहिली आहे. 'प्रतिष्ठित' गेले. डॉक्टरांचे फडके पहिल्या पानावर आणले. रंगुबाईचे नाव मात्र घातलेले नाही, आणि तुझे ऐकूनही घालणार नाही. 'स्त्री' काढून नुसते 'साक्षीदार' केले आहे. नाव नाही म्हणजे दोर जागच्या जागी राहील. उखाणे घालून गाव थकेल.

वाचून ताबडतोब कळव. अध्यक्ष रोज विचारतात.

शामकांत


खारडे, २७ फेब्रुवारी १९४७

शामकांत,

वाचलं. पाव तास लागला. सगळ्यांना सगळं समजलं. आबासाहेबांनाही समजलं. या खेपेला गूळ नव्हता.

दोन शंका आहेत, डॉक्टरांना विचारून कळव. फडकं जुन्या धोतराचं चालेल का, की नवंच हवं? आणि नारू निघायला वर्ष लागतं ते नक्की का? म्हणजे एखाद्यानं थोडेच दिवस ते पाणी प्यालं, तर त्याला वर्षभर काही कळणारच नाही, असंच ना?

रंगुबाईचा दोर खुंटीला आहे.

मरिया बरी आहे. परीक्षा जवळ आल्या, गडबडीत आहे. फार लिहीत नाही.

शांतवन


मुंबई, ता. ८ मार्च १९४७

प्रिय शांतवन,

शाबास! तुझे चार ओळींचे पत्र मी समितीपुढे चार वेळा वाचले. 'सगळ्यांना सगळं समजलं' या वाक्यावर एका सभासदाने बाक वाजवला. 'रंगुबाईचा दोर खुंटीला आहे' यावर मी स्वतः वाजवला. अध्यक्षांनी ठरावच करून घेतला की लोकांपुढे निष्कर्ष मांडताना साक्षीदारांची नावे गाळण्याची खारडे येथील पद्धत सर्वत्र अनुसरावी. तुमचे गाव आता पद्धत झाले आहे, शांतवन. गावाचे नाव गाळले असल्यामुळे हे कुणाला कळणार नाही, एवढेच.

डॉक्टर म्हणतात, धोतर चालेल, विरलेले नको, दुहेरी घडी हवी. वर्षाचेही खरे आहे. पण हे तू का विचारतोस? लोकांची जिज्ञासा जागी झालेली दिसते. आनंद वाटला.

शामकांत


खारडे, १५ मार्च १९४७

शामकांतभाऊजींस मरियाचा सलाम.

हे पत्र मास्तरांना न सांगता लिहिते आहे. तुमचं आठ तारखेचं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी करून बायबलात ठेवलं. ते तिथं काही ठेवतात ते सांगायचं नसतं म्हणून. मी बायबल रोज उघडते, हे त्यांच्या ध्यानात नाही.

ते खोटं बोलले नाहीत. रंगुबाईचा दोर खुंटीलाच होता. दारात आला तो आमचा.

दुसरा कागद वाचताना पाटील मधेच उठून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे उंबऱ्यावर आमचा दोर, नीट वेटोळं करून, वर पोहरा पालथा. कुणी शिवी दिली नाही. गावानं तुमचा हिशेब सोडवला होता. खोलीत नऊ बायका गेल्या. आठ जणींना दोन शब्द जुळवता येत नाहीत. नववी मास्तरीण, ती पुस्तकं वाचते. भाऊजी, मी त्या खोलीत पाच मिनिटंसुद्धा नव्हते. मला विचारलं ते एवढंच, की शाळेत मुली किती येतात.

मी म्हटलं, जाऊन सांगते, ती बाई मी नव्हे. मास्तर म्हणाले, "तू नाही म्हटलंस की उरल्या आठ. पाटील त्या आठांत हुडकतील." म्हणून गप्प बसलो.

बारवेत आम्ही ख्रिस्ती माणसांनी उतरायचं नाही. वर काठावर घागर घेऊन बसायचं आणि कुणाला दया आली तर तिनं वरून ओतायचं. मी रोज बसत होते. आणलेलं पाणी मास्तरांच्या धोतरातून गाळत होते. तुमचा डॉक्टर भला माणूस, पण पोटात गेलेले घोट गाळता येत नाहीत, आणि पहिले दोन दिवस आम्ही घाईत तसंच प्यालो. त्याचं काय झालं ते पुढच्या साली कळेल.

सोमवारी पाटलांच्या विहिरीवरून घागर घेऊन परतताना रंगुबाईनं मला काठावर पाहिलं.

"मास्तरीनबाई, तुमचा दोर?"

"तुटला."

"समदा एकदम?" म्हणाली. आणि आपल्या घागरीतलं पाणी माझ्या घागरीत ओतून गेली.

गुरुवारी सकाळी चावडीवर पाटील बसलेले, चार माणसं पुढ्यात. रंगुबाई खांद्यावर दोर टाकून त्यांच्या समोरून आली, सरळ आमच्या दाराशी. आमच्या दोराशेजारी स्वतःचा दोर ठेवला. चावडीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माझा मीच काढून आनलाय. पाटलाच्या मानसाला कशाला हेलपाटा! बोलले ती मी. मास्तरीन न्हाई."

भाऊजी, तिचा तेवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिनंही पहिल्यांदाच ऐकला असावा. बोलून झाल्यावर तिला घाम फुटला होता.

मग आत येऊन बसली. म्हणाली, "मुंबईला लिवा. माझं नाव घाला म्हनावं. आता लपवून कुनाचं काय ऱ्हायलंय? आन् जाताना मी त्यास्नी एक इचारलं हुतं. ते कागदात न्हाई. ते बी घाला."

काय विचारलं होतंस, म्हटलं, तर सांगेना. "त्यास्नी ठावं हाय." मास्तर म्हणतात, त्या वेळी ते पुढच्या साक्षीदाराला हाक मारायला दाराबाहेर गेले होते. तेव्हा ते तुम्हालाच माहीत. आम्हा दोघांनाही उत्सुकता आहे.

तुम्ही बाक वाजवलात त्याबद्दल राग नाही. पण पुढच्या वेळी वाजवायच्या आधी विचारा.

आपली
मरिया


मुंबई, ता. २४ मार्च १९४७

प्रिय शांतवन आणि मरियावहिनी,

वहिनींचे पत्र मी कचेरीत वाचायला घेतले आणि दोन पानांनंतर उठून जिन्यात जाऊन पुरे केले.

मी त्या बाईचे नाव लपवले आणि तिच्या जागी तुमचे दिले, एवढाच माझ्या काळजीचा परिणाम. ठराव मागे घ्यायला लावतो. रंगुबाईचे नाव तिच्या मर्जीप्रमाणे घालू.

तिने जाताना काय विचारले ते लघुलिपीच्या वहीत असेल. वही सापडत नाही. शोधतो.

शांतवन, तू मला लिहायला हवे होतेस.

शामकांत


खारडे, ६ एप्रिल १९४७

शामकांत,

मी लिहायला हवं होतं, मान्य. तू विचारायला हवं होतंस. फिटंफाट.

इथं काय घडलं ते सांगतो, तुझ्या अध्यक्षांच्या उपयोगी पडेल. दोन्ही दोर आमच्या ओसरीवर पडलेले. रंगुबाई बारवेत उतरायची, तिच्या घरचं आणि आमचं पाणी तीच काढायची. मरिया ते गाळायची. गाळलेलं फडकं मी एकदा उलटं करून पांढऱ्या बशीत झटकलं आणि शाळेचं भिंग लावलं. शामकांत, ते होतं! पांढऱ्या बशीत पांढरे ठिपके, पण उड्या मारणारे.

कानिफनाथाला बोलावलं. तो पाच मिनिटं भिंगावर वाकलेला. मी विचारलं, काय दिसतंय? तर म्हणाला, "गप ऱ्हा मास्तर, बघू द्या." मग मान वर न करताच म्हणाला, "ह्ये मी रोज पितो?"

"रोज."

"आन् बायकूबी?"

"ती पण."

"आईला," म्हणाला आणि पुन्हा वाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढं रांग. तुझा सारांश ऐकायला सत्तर आले होते. बशी बघायला गाव आलं, शेजारच्या दोन वाड्या आल्या. म्हाताऱ्या म्हणत, "मला न्हाई दिसत, तूच सांग कसं वळवळतंय." आपापल्या घागरीतलं पाणी घेऊन येऊ लागले: माझ्यात हायत का, तिच्यापेक्षा जास्ती का कमी? एक बाई तर आपल्या पाण्यात शेजारणीपेक्षा दोन कमी निघाल्या म्हणून हसत घरी गेली. तीन दिवस गणित आणि भूगोल बंद. तुझ्या समितीला माझा निरोप दे: लोकांना निष्कर्ष सांगू नयेत, बघायला द्यावेत. सांगितलं की कुणी सांगितलं ते बघतात. दाखवलं की काय आहे ते बघतात.

चौथ्या दिवशी रंगुबाईनं बायकांना विचारलं, "पायऱ्या बुजवायला दगड कुटं हाय, ठावं हाय न्हवं?" ठावं सगळ्यांना होतं. सहा वर्षं जाता-येता बघत होत्या. बावीस जणी पाटलांच्या मळ्यात गेल्या आणि डोक्यावर दगड घेऊन निघाल्या. पाटील आडवे आले.

"कुनाला इचारून उचलताय?"

रंगुबाई म्हणाली, "तुमचा हाय म्हना पाटील. एकदा म्हना. मास्तर लिवून घेत्यात."

मी खरंच वही-पेन्सिल घेऊन उभा होतो. रजेचा अर्ज लिहीत होतो, पण ते पाटलांना काय माहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तो अहवाल छापला का?" म्हटलं, "अजून नाही, भर पडतेय." पाटील बांधावर चढले. मग गडी माणसाला हाक मारून म्हणाले, "बाया कशाला वाहत्यात? गाडी जुंप." आणि माझ्या कानाशी येऊन: "गाडी आमची हुती, ह्ये लिवा."

लिहिलंय. घाल किंवा गाळ, तुझी मर्जी. तुला गाळायची सवय आहे.

परवा पायऱ्या बुजल्या. वर रहाट बसला. पहिला दोर रंगुबाईचा. दुसरा आमचा ती स्वतः ओवायला लागली, तेव्हा दोघं-तिघं कुरकुरले, की मास्तरांचा पोहरा बारवेत कसा? ती म्हणाली, "खाली उतरायचं कुनालाच न्हाई आता. पान्याला शिवनार कोन? दोर. मग दोराला इचारा." त्यांनी दोराला विचारलं नाही. एक म्हातारा अजून बारवेकडं पाठ करून जातो. पण मरिया रोज स्वतःच्या हातानं शेंदते. अठरा वर्षं या गावात झाली, पहिल्यांदाच.

पाटलांनी निरोप धाडला, दोर पुन्हा आमच्या खुंटीला लावा. रंगुबाईनं उलट निरोप धाडला, एकच दोर हाय, कामात हाय.

पण ती रोज एकच विचारते, वही सापडली का. मी काय सांगू? तू पाचवीतल्या वह्या अजून ट्रंकेत ठेवतोस. तुझी वही हरवत नाही, शामकांत.

शांतवन


मुंबई, ता. २० एप्रिल १९४७

प्रिय शांतवन,

वही हरवली नव्हती. माझ्या मेजाच्या खणात होती, वहिनींचे मार्चचे पत्र आले तेव्हाही.

साक्ष संपल्यावर रंगुबाई दारापर्यंत गेली, वळली आणि समितीला म्हणाली, "सकाळधरनं तुमी हितं हायसा. ऊन लई हाय. तुमी कुटलं पानी पिला?"

आम्ही नगरहून सोडावॉटरच्या बाटल्या आणल्या होत्या. पेट्या तुझ्या शाळेच्या फळ्याआड ठेवल्या होत्या. अध्यक्षांनी मला विचारले, ती काय म्हणते? मी म्हणालो, समितीचे आभार मानते आहे. अध्यक्षांनी तिला हसून नमस्कार केला. ती निघून गेली. उत्तर म्हणून तिला तो नमस्कार मिळाला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझे भाषांतर इतके सफाईदार कधी झाले नव्हते.

सोमवारी मी अध्यक्षांच्या खोलीत जाऊन हे सांगितले. त्यांनी वही मागून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे मी त्या प्रश्नाला हसलो." मी म्हणालो, होय. म्हणाले, "छापा. तिच्या नावासकट." एका सभासदाने हरकत घेतली की प्रश्न समितीने साक्षीदारास विचारावयाचे असतात, साक्षीदाराने समितीस नव्हे, तेव्हा ही बाब अप्रस्तुत. दुसऱ्याने सुचवले, निदान योग्य असे उत्तर तयार करून खाली घालावे. त्यावर एक तास गेला. उत्तर तयार होईना.

मुखपृष्ठाच्या आत, अनुक्रमणिकेच्याही आधी, आता एक पान आहे. वर डॉक्टरांचे फडके, चार ओळींत. त्याखाली: 'साक्षीदार क्रमांक ३७, रंगुबाई भ्रतार सहादेव, मौजे खारडे', तिने सांगितलेली पाटी तिच्याच शब्दांत, आणि शेवटी तिचा प्रश्न. पुढे 'उत्तर' असे छापून जागा सोडली आहे. 'पायऱ्या बुजविण्यात याव्यात' ही शिफारस क्रमांक एक होती. ती आपल्या विचाराआधीच अमलात आल्याचे समितीला नमूद करावे लागले. पाटलांची गाडी तळटीपेत घातली. त्यांना दाखव, गूळ वाटतील.

मला या शाखेतून हलवले आहे. पुढल्या महिन्यापासून जुने कागद लावून ठेवण्याच्या विभागात. तिथे भाषांतर लागत नाही. रंगुबाईला हे सांगू नकोस. मी काय केले ते मात्र सांग. तिला जे म्हणायचे असेल ते तू शब्दशः कळव.

परवा अहवाल सभागृहापुढे ठेवला. मी वरच्या सज्जात होतो. विरोधी बाकावरच्या एका सभासदाने पहिलेच पान उघडले आणि मराठीत, अडखळत, तिचा प्रश्न मोठ्याने वाचला. कुणी हसले नाही. पुढच्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थांनी समोरच्या पेल्याकडे हात नेला होता, तो तिथेच थबकला. त्यांनी पेल्यात निरखून पाहिले. शेजाऱ्याने स्वतःच्या पेल्यात पाहिले. मग जाड्या गृहस्थांनी पेला उचलला आणि सगळा प्यायला. एप्रिल आहे, शांतवन, आणि सभागृहाचे पाणी गाळलेले असते.

तुझा
शामकांत